कार्ड आणतो, पण आधी पिना मोज!

आमचं कॅरी म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातलं, रॅलेला खेटून असलेलं गाव. 'फोर्टनाइट' खेळणाऱ्या मुलांना मात्र ते वेगळ्याच कारणाने ठाऊक असतं. तो गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सचं मुख्यालय १९९९ पासून इथे आहे. २०२१ मध्ये तर कंपनीने गावातला जुना मॉलच विकत घेतला. त्यामुळे कॅरीतल्या मामाला गेमिंगमधलं सगळं कळतं, अशी भारतातल्या भाचरांची समजूत. डिसेंबरात आम्ही निघायच्या आधी फर्माईश ठरलेली, "मामा, येताना ग्राफिक्स कार्ड आण ना. तिकडे स्वस्त असतं."

माझा उलट प्रश्नही ठरलेला, "तुझ्या एसएमपीएसमधून वायरी कुठल्या निघतात? फोटो पाठव."

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. एक मदरबोर्डच्या स्लॉटमधून, जास्तीत जास्त ७५ वॅट. त्याहून भूक मोठी असेल तर एसएमपीएसमधून थेट केबल लागते. सहा पिनांची ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. म्हणजे स्वस्त कार्ड बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, की ७५ च्या आत राहून कनेक्टरच लावायचा नाही, की वेग वाढवून आठ पिना लावायच्या.

बिनकनेक्टरच्या कार्डांना परीक्षणं लिहिणारे नाकं मुरडतात. पण आपल्याकडे कितीतरी घरांत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कुठल्यातरी कंपनीने काढून टाकलेला ऑफिसचा डेस्कटॉप असतो. त्याच्या एसएमपीएसला ही जादा केबल बहुधा नसतेच, आणि आकार वेगळा म्हणून तो सहज बदलताही येत नाही. अशा डब्यात २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय किंवा २०१९ चं १६५० सरळ बसायचं आणि चालायचं. फक्त मॉडेल नीट बघावं लागे, कारण काही कंपन्या त्याच कार्डाचा वेग जरा वाढवून सहा पिना लावत. आज तसं कार्ड म्हणजे आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं, २०२४ चं. ते ७० वॅटवर भागतं. त्याच नावाचं ८ जीबीवालं १३० वॅट खातं आणि त्याला आठ पिना लागतात. एकाच नावाची दोन कार्डं विकणाऱ्यांना काय म्हणावं!

कनेक्टरमध्ये काटकसर केली की काय होतं, हे एएमडीच्या आरएक्स ४८० ने २०१६ मध्ये दाखवलं. १९९ डॉलरपासून सुरू होणारं, १५० वॅटचं कार्ड. कनेक्टर मात्र सहा पिनांचा. कागदावर ७५ अधिक ७५, हिशेब चोख. मोजणाऱ्यांनी मोजलं तर कार्ड स्लॉटमधून मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढत होतं. जुलैत एएमडीला नवा ड्रायव्हर काढून तो भार कमी करावा लागला. आठ पिना असत्या तर हा प्रसंगच आला नसता.

दुसरं टोक म्हणजे २०२२ मध्ये आलेला सोळा पिनांचा कनेक्टर. महागड्या ४०९० वर तो वितळल्याच्या बातम्या वाचल्या असतील. ६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर, तेही सहा पिनांतून, प्रत्येकीवर आठाहून जास्त. जुन्या आठपिनी कनेक्टरमध्ये हाच आकडा चारच्या आसपास. स्वस्त कार्डाला त्याची गरज काय? तरी एनव्हिडियाने २०२३ मध्ये स्वतःच्या ४०६० टीआयला, फक्त १६० वॅटसाठी, तोच लावला आणि डब्यात आठ पिनांशी जोडायची तार दिली. इतक्या कमी विजेवर तो वितळणार नाही, पण एक सांधा उगाच वाढला. बाकी बहुतेक कंपन्यांनी त्या कार्डाला साधा आठपिनी ठेवला. माझं मत त्यांच्या बाजूने.

खरी भीती वेगळीच. केबल नसेल तर दुकानात कन्व्हर्टर मिळतो, हार्डडिस्कच्या साटा वायरीपासून आठ पिनांपर्यंत. "चालतं हो," असंही सांगतात. साटा कनेक्टरमधून १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट जाऊ शकतात आणि समोरचं कार्ड १५० मागू शकतं. घरात मुलगा रात्री तीनपर्यंत खेळत बसलेला असताना ती वायर तापलेली मला नको.

यंदाची मागणी सांगलीहून होती. भाचा पहिल्या वर्षाला आहे, त्याला ब्लेंडर चालवायचंय आणि मित्राकडचं ४०६० च हवं होतं. ते ११५ वॅटचं. फोटो आला. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत ४५०, खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार केला तर १९२ वॅट. त्यातच प्रोसेसर, पंखे सगळं आलं, आणि आठ पिनांची केबल नाहीच. ताईचा फोन, "दोनशे डॉलर घालतोयस तर त्याला हवं तेच दे की!" मी म्हटलं, ताई, मग एसएमपीएस आधी बदल, चांगल्या कंपनीचा. तो सांगलीतच घे. दीड किलोचं धूड बॅगेत कशाला?

भावजींची शंका वेगळी होती. "अमेरिकेचं कार्ड ११० व्होल्टचं असेल ना? इथे २३० वर जळायचं." तसं होत नाही. भिंतीतली वीज एसएमपीएस पचवतो, कार्डाला दोन्हीकडे १२ व्होल्टच मिळतात. वॉरंटीचं मात्र विचारून घ्या. अनेकदा ती देशापुरती असते, आणि मग इथे वाचलेले चार पैसे तिथल्या पहिल्याच बिघाडात जातात.

शेवटी त्याने ६ जीबीवालं ३०५० कबूल केलं, जरा तोंड वाकडं करून. एसएमपीएस बदलायला पैसे जमले की मोठं कार्ड तो पुण्यातून घेणार आहे, बिलासकट.