डासांचे मूळ साठलेल्या पाण्यात

आपल्याकडे घरात त्रास देणारे डास मुख्यतः तीन प्रकारचे. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स तुंबलेल्या गटारात आणि शौचालयाच्या टाकीत, म्हणजे घाण पाण्यात वाढतो. हत्तीरोग त्याच्यामुळे पसरतो. शहरात हिवताप पसरवणारा ॲनाफिलीस विहिरींत आणि इमारतींवरच्या उघड्या टाक्यांत वाढतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवतो. तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि दिवस मावळण्यापूर्वी चावतो. म्हणून रात्रीची मच्छरदाणी त्याच्यासाठी पुरत नाही; दुपारी झोपणाऱ्या तान्ह्या बाळालाही ती हवी.

चावते ती फक्त मादी, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्त लागते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून डास हा प्रवास उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. तोवर सारे आयुष्य पाण्यात. आरोग्य कर्मचारी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून कोरडी ठेवा, असे सांगतात, ते याच हिशोबाने.

एडिसच्या बाबतीत मात्र पाणी ओतून दिले की काम संपत नाही. त्याची अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही काही महिने टिकतात. पुन्हा पाणी भरले की अळ्या हजर. त्यामुळे रांजण, पिंप, कूलरची टाकी आतून घासूनच धुवावी. फ्रिजमागची तबकडी, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, परसातल्या करवंट्या या जागा हमखास विसरल्या जातात. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे साठवण टाळता येत नाही, आणि त्याबद्दल घरच्या बाईला बोल लावणे अन्यायाचे आहे. तिथे पिंपाला घट्ट झाकण किंवा कापड बांधावे. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात.

क्युलेक्ससाठी शौचालयाच्या गॅस पाइपच्या तोंडाला जाळी बांधणे हा अगदी स्वस्त उपाय. सांडपाणी गटारात न सोडता घरोघरी शोषखड्ड्यात जिरवण्याचे काम नांदेड जिल्ह्यातील गावांनी करून दाखवले आहे.

धूरफवारणीवर लोकांचा फार भरवसा असतो. तिने त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्यांना काहीच होत नाही. कॉइलचा धूर बंद खोलीत श्वासाला वाईट. त्यापेक्षा खिडक्यांना जाळी बसवण्यावर केलेला खर्च सत्कारणी लागतो.

एवढे करूनही घरात कोणाला ताप आलाच, तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नये. डेंग्यू असल्यास या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्यावे.