वर्दळ आणि कीर्ती

मुंबईच्या मरीन ड्राइव्हचे सरकारी नाव नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. ते मुंबईकरांच्याही तोंडी क्वचितच येते. पण मुंबई कधी न पाहिलेला माणूसही समुद्रालगतचा तो वळणदार रस्ता ओळखतो, कारण हिंदी सिनेमाने तो गावोगावी नेला. नुसत्या वर्दळीने रस्ता देशभर गाजत असता, तर आमचे नवापूर केव्हाच गाजले असते. हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. रात्रंदिवस ट्रक धावतात.

नाव झाले ते रेल्वे फलाटाचे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली आणि सुरत-भुसावळ मार्गावरचे हे जुने स्थानक दोन राज्यांत विभागले गेले. फलाटावरच्या एका बाकावर मधोमध रेघ आहे : एकीकडे महाराष्ट्र, दुसरीकडे गुजरात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत होतात. उतारू रेघेच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढतात. माझ्या मते मर्म इथेच आहे. जागा परक्याला एका वाक्यात सांगता यावी आणि तिथे त्याला स्वतःला काही करता यावे.

एका वाक्याची कीर्ती वाईटही असते. फेब्रुवारी २००६ मध्ये बर्ड फ्लूची देशातली पहिली नोंद इथल्या कोंबड्यांत झाली. देशभर पोचलेल्या त्या वाक्यात रोग होता. पोल्ट्रीवाल्यांचा बुडालेला धंदा नव्हता. परगावी गावाचे नाव सांगितले की वयस्कर माणसे अजून कोंबड्यांचे विचारतात, तरुण बाकाचे. महामार्गाचे मला अद्याप कुणी विचारलेले नाही.