गणवेशाचे माप कोणी घ्यायचे?

देवळाली कॅम्पात शाळा कोणाची हे कळायला आधी हद्द पाहावी लागते. छावणी परिषद संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत. लागून भगूर नगरपरिषद, विहितगावाकडे नाशिक महापालिका, संसरी-लहवितला जिल्हा परिषद, आणि मधूनमधून खासगी अनुदानित शाळा. रोजंदारीवर जाणाऱ्या आईबापांना या हद्दींशी कर्तव्य नसते; त्यांना जूनमध्ये मुलासाठी दोन जोड हवे असतात. दोन अशासाठी की, इथल्या पावसात रात्री धुतलेला सदरा सकाळीही ओलाच असतो. केनियात डेव्हिड इव्हान्स आणि मुथोनी न्गातिया यांनी केलेल्या अभ्यासात गणवेश मिळाल्यावर गैरहजेरी सरासरी 37 टक्क्यांनी घटली. ज्यांच्याकडे गणवेशच नव्हता, त्यांची 55 टक्क्यांनी. आठ वर्षांनी मात्र पूर्ण केलेल्या इयत्तांत फरक उरला नव्हता. गणवेश मुलाला वर्गापर्यंत आणतो, पुढचे काम शिक्षकाचे. पण तेवढ्यासाठीही तो वेळेवर आणि अंगाला बसणारा हवा, आणि या दोन्ही गोष्टी शाळेतच ठरल्या पाहिजेत.

याचा पुरावा महाराष्ट्राने स्वतःच गोळा केला आहे. 2017-18 मध्ये दोन जोडांचे 400 रुपये थेट बँक खात्यात देण्याचे ठरले. आधी खाते उघडा, कपडे घ्या, पावती दाखवा, मग पैसे. हाती आगाऊ पैसा नसलेल्यांसाठीच्या योजनेची ही अट! 2024-25 मध्ये लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून राज्यासाठी एकत्र कापड घेतले, ठरीव मापांत कापून महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे शिलाईला दिले. अनेक शाळांत 15 ऑगस्टचे झेंडावंदनही जुन्याच कपड्यांत झाले. पुढे आलेले जोड कुठे ढगळ, कुठे तोकडे. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने माघार घेतली आणि 2025-26 पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवले.

समितीत टक्केवारी चालते, घाऊक खरेदी स्वस्त पडते, असा आक्षेप येतो. घाऊक कापड स्वस्त मिळते हे खरेच. पण एकाच चौथीत मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो; गावातला शिंपी टेप लावतो, बगलेत आणि पॅंटच्या कडेला दोन बोटे माया ठेवतो, म्हणजे दिवाळीनंतर उसवून वाढवता येते. टक्केवारीची भीतीही खोटी नाही, मात्र शिक्षणहक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि गावातला शिलाईचा भाव त्यांना तोंडपाठ असतो. मंत्रालयातली निविदा त्यांना कोण दाखवणार?

दुसरा आक्षेप सरसकट वाटपावर. पूर्वी सर्व मुली आणि अनुसूचित जाती, जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांनाच गणवेश मिळे. एकाच बाकावरचा एक नव्या कपड्यांत, दुसरा जुन्या. 2023-24 पासून उरलेले मुलगेही आले, ते योग्यच झाले. सर्वांना मिळाले की घेणाऱ्यावर गरिबीचा शिक्का बसत नाही. उणीव वेगळीच आहे. योजना शासकीय आणि स्थानिक संस्थांच्या शाळांपुरती, तीही आठवीपर्यंत. अनुदानित शाळेतले त्याच वस्तीतले मूल बाहेर, आणि नववीत अंगाने वाढलेली मुलगीही बाहेर. देवळालीतल्या दानशूर मंडळींनी हीच मुले धरावीत. मार्चमध्ये मापे घ्यावीत, पैसे थेट शिंप्याला द्यावेत, जोड 15 जूनच्या आत घरी पोचवावेत. व्यासपीठ आणि फोटो नकोत.