उकिरडा आणि डेपो

आजोळी गोठ्यामागे उकिरडा होता. नीरा डाव्या कालव्याच्या एका फाट्यावरचं ते गाव. शेण, गव्हाणीतली चगळ, चुलीतली राख, भाजीची देठं, सगळं त्या खड्ड्यात जायचं. आजी केराची पाटी रिकामी केली की वरून मूठभर राख भुरभुरायची. अक्षय्य तृतीयेच्या आसपास मामा बैलगाडी लावून उकिरडा उपसायचा आणि रानात खताचे ढीग घालायचा. पहिल्या पावसाला खड्डा मोकळा. पुढे पुण्यात राहायला आल्यावर ‘डेपो’ हा शब्द कानावर पडला, तेव्हा मी भाबडेपणाने विचारलं होतं की हा उपसतात कधी? लोक हसले. तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे.

पुण्याचं कचऱ्याचं रामायण वाचकांना पाठ असेल, म्हणून ते घाईने सांगतो. आपल्या भागातल्या डेपोविरुद्ध कोथरूडकरांनी आरडाओरडा केला आणि १९९१ पासून कचरा उरुळी देवाचीच्या दगडखाणीच्या जागेत जाऊ लागला. मग शेजारच्या फुरसुंगीची जमीन घेतली आणि डेपो १६३ एकरांचा झाला. एप्रिल २०१७ मध्ये तिथे मोठी आग लागली. गावकऱ्यांनी तीन आठवडे गाड्या अडवल्या. पर्याय म्हणून पिंपरी सांडसच्या वनजमिनीचं नाव पुढे आलं, तर ते गावही विरोधात उभं ठाकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उरुळी आणि फुरसुंगी महापालिकेत गेली. डिसेंबर २०२२ मध्ये ती वगळायचं ठरलं आणि २०२४ मध्ये दोघांची मिळून वेगळी नगरपरिषद झाली. इतकी वर्षं शहराचा कचरा पोटात घेणारं गाव आधी बाहेरचं, मग आतलं, मग पुन्हा बाहेरचं. कोथरूडच्या जुन्या डेपोवर मात्र आता मेट्रोच्या गाड्या मुक्कामाला असतात. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते म्हणतात. कोथरूडची फिटली, कारण ती उरुळीच्या गळ्यात बांधता आली.

आजोळच्या कालव्यावरच्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांकडे मी याच नजरेने पाहत आलो. तिथल्या दोन्ही नगरपालिका १८६५ च्या, म्हणजे कालव्याहून वीस वर्षांनी थोरल्या. एकदा दोन्ही तालुक्यांचा नकाशा जमिनीवर पसरला आणि २०१६ च्या घनकचरा नियमांतली अंतरं हाताशी घेतली. भरावभूमी नदीपासून १०० मीटर. तळं, महामार्ग, वस्ती आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर. विमानतळापासून २० किलोमीटर, अपवाद म्हणून नाहरकत मिळाली तर दहा. कंपास बारामतीच्या विमानतळावर टेकवून वर्तुळ काढलं, तर तालुक्याचा मोठा भाग त्यातच गेला. कऱ्हा, नीरा, भीमा खोडल्या. उजनीचा फुगवटा खोडला. वाड्यावस्त्या आणि विहिरी खोडता खोडता पेन्सिल झिजली. शेवटी हाताशी काय राहतं? जिरायती पट्ट्यातलं कुणाचं तरी गायरान.

गायरानाचं दुखणं जुनं आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात सामायिक जमिनींना संरक्षण दिलं आणि राज्य शासनानेही त्याच वर्षी जुलैत निर्णय काढला. तरी ‘सार्वजनिक प्रयोजन’ ही फट राहतेच, आणि कचऱ्याइतकं सार्वजनिक दुसरं आहे काय! ठराव नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत होतो, धूर ग्रामपंचायतीच्या हद्दीत निघतो. ज्यांच्या नाकात तो जातो, त्यांचं मत त्या सभागृहातल्या एकाही नगरसेवकाला लागत नाही. कालव्याचं पाणी ज्या गावापर्यंत पिढ्यान् पिढ्या पोचलं नाही, तिथे कचऱ्याची गाडी सहा महिन्यांत पोचू शकते. इंदापूरकरांना तर हा अनुभव नवा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. त्यासाठी कुणी ग्रामसभा बोलावल्याचं स्मरत नाही.

या सगळ्यात ‘पडीक’ हा शब्द फार सहज वापरला जातो. जागा पडीक आहे, कुणाच्या उपयोगाची नाही, मग द्या डेपोला. याच शब्दाचा माग काढताना मी १९१० सालच्या एका सरकारी पत्रकापर्यंत पोचलो. विषय नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनी. लेखक दोन. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मॅन, आणि दुसरे व्ही. ए. ताम्हणे. कालवा १८८५ चा. पंचवीस वर्षांत उसाच्या पाण्याने भूजल वर आलं, निचरा नाही, आणि काळ्या रानावर पांढरा थर चढला. ती जमीन जन्मतः पडीक नव्हती. ती तशी केली गेली, आणि तीही सरकारी पाण्याने. मॅनसाहेबांना अभ्यासक ओळखतात. ताम्हणे तळटीपेत राहिले.

या दुय्यम नावांवर माझा जीव जडतो, काय करणार. तसंच एक नाव यशवंत वाड. १९३१ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे पुस्तक काढलं. त्यावर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या जोडीला वाडांचं नाव आहे. ते इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत रसायन विभागाचे मुख्य सहायक होते. जगभर गाजलेली कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ ती हीच: तीस फूट लांब, चौदा फूट रुंद, उथळ खड्डा, काडीकचरा, शेण, मुतरी माती आणि राख यांचे थर, तीन वेळा वरखाली, तीन महिन्यांत खत. आजीची मूठभर राख मला इथे छापील स्वरूपात भेटली. हॉवर्ड १९३१ मध्ये इंदूर सोडून गेले. १९४० चं त्यांचं पुस्तक एकट्याच्या नावाचं आहे, आणि सेंद्रिय शेतीवाले डोक्यावर घेतात ते तेच.

वाड इंदुरातच होते, आणि माझ्या मते त्यांचं महत्त्वाचं काम नंतरचं आहे. १९३४ मध्ये एफ. के. जॅक्सन यांच्याबरोबर त्यांनी वस्तीतल्या घाणीची विल्हेवाट आणि तिचा शेतीला उपयोग यावर एक पत्रक लिहिलं. रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटण अशा तीन ठिकाणी हे काम झालं. शहरातला केर, त्यावर मैल्याचा पातळ थर, पुन्हा केर. मैल्याची पाटी कुणाच्या डोक्यावर असायची हे वेगळं सांगायला नको, आणि ते दिवस कुणाला परत नकोत. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचं काम स्वतःच्या हातांनी केलं, ते त्याच पाटीविरुद्ध. पण वाडांच्या पद्धतीचा गाभा पाहा. शहराचा खड्डा ठरलेल्या दिवशी उपसायचाच, नाहीतर पुढचा केर टाकायला जागा नाही. आज इंदूरची स्वच्छता पाहायला आपल्याकडचे नगरसेवक सहली काढतात. त्यांच्यापैकी कुणी वाडांचं नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

वाडांच्या केरात प्लास्टिक नव्हतं, हा आक्षेप खरा आहे. जुने ढीग उपसण्याच्या कामात फिरत्या चाळणीतून काय पडतं ते उभं राहून पाहण्यासारखं असतं: चपला, सलाइनच्या नळ्या, गुटख्याच्या पुड्या, साडीच्या चिंध्या, आणि खाली काळसर माती. त्या मातीत काचेचा चुरा असतो. शेतकरी मूठभर उचलतो, बोटांत चुरडतो आणि टाकून देतो. राज्य शासनाचा ‘हरित महासिटी कंपोस्ट’ हा ब्रँड आहे. ओला कचरा घरातच वेगळा निघाला तर त्या पोत्याला गिऱ्हाईक मिळतं; घंटागाडीत सगळं एक झालं की फुकट दिलं तरी कुणी नेत नाही. आणि हे कुठल्या मुलखात? जिथे ऊस वर्षानुवर्षं जमिनीचा कस ओढतो, पाचट अजून पेटवलं जातं, आणि माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या साखर कारखान्यांच्या सभासदाला सेंद्रिय कर्ब म्हणजे काय हे माती परीक्षणाच्या कागदावरून तोंडपाठ आहे. खताला इतकी भुकेली जमीन आणि उपसला न जाणारा ढीग शेजारी शेजारी, हा करंटेपणा आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

तुमच्या नगरपरिषदेच्या सभेत डेपोच्या नव्या जागेचा विषय आला, तर प्रेक्षकांत जाऊन बसा. गट नंबर वाचून झाला की विचारा, गेल्या वर्षी किती ट्रॉल्या खत कुणाकुणाच्या रानात गेलं. आणि त्याच्या पावत्या मागा.