नट फिरला पाहिजे

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घराला अंगण नाही. बाग आहे ती गच्चीवर. कुंड्या २६, त्यांत ११ गुलाब. पाऊस सरला, दसरा झाला की मी गुलाबाची छाटणी करते.

पहिल्या वर्षी स्वस्तातली कात्री आणली होती. फांदी कापली जायच्या ऐवजी चेंगरायची, सालीची दोरी लोंबायची. पंधरा दिवसांत फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली आल्या. चेचलेली जखम लवकर भरत नाही, तिथून बुरशी आत शिरते. दोन गुलाब गेले. माझे सासरे उद्यमनगरात लेथवर काम करायचे. त्यांनी ती कात्री मिटून उजेडाकडं धरली. दोन पात्यांमधून आभाळ दिसत होतं. मध्ये नट नव्हता, ठोकलेला रिबीट होता. मामंजी म्हणाले, "ज्याचा नट फिरत न्हाई, ते हत्यार घ्यायचं न्हाई."

तेव्हापासून दुकानात मी आधी नट बघते. वापरानं पाती सैल होतातच. नट असला तर आवळता येतो, कात्री खोलून साफ करता येते, पातं आणि स्प्रिंग बदलता येते. तासगावकडचे द्राक्षबागायतदार जिला सिकेटर म्हणतात, ती हीच कात्री. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा वर्षाच्या दोन छाटण्या तिच्यावरच होतात. तिचा जन्मही द्राक्षांच्या मुलखातला, फ्रान्समधला, १८१५ च्या सुमाराचा. १९४५ साली सुरू झालेल्या स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीची कात्री तर पुरती खोलता येते आणि तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. ती महाग आहे. पण सुटे भाग मिळणाऱ्या, परवडणाऱ्या कात्र्या आपल्याकडंही आहेत.

कात्र्यांचे प्रकार दोन. बायपास कात्रीत धारेचं पातं आकड्याला घासून पुढं जातं. ओल्या, जिवंत फांदीला हीच घ्यावी. दुसरीत पातं सपाट ऐरणीवर टेकतं. वाळक्या काटक्यांना ती चालते, पण हिरवी फांदी चेचते.

घेताना कात्री हातात धरून उघडा. पुरती उघडल्यावरही बोटं दुसऱ्या मुठीपर्यंत सहज पोचली पाहिजेत. माझ्या हाताला ८ इंची मोठी पडते, ७ इंची बसते. डावखुऱ्यांसाठी वेगळी मिळते. मग पाती आडवी हलवून बघा, खेळ नसावा. शेवटी वर्तमानपत्राचा एकेरी कागद टोकानं कापा. तो दुमडून पात्यांत अडकला, तर कात्री परत ठेवा.

कापताना पातं झाडाकडं आणि आकडा टाकायच्या तुकड्याकडं ठेवावा. मग आकड्याचा दाब टाकाऊ तुकड्यावर पडतो. अंगठ्याहून जाड फांदीला करवत घ्या. कात्री पिळली की पाती कायमची फाकतात.

कोल्हापूरच्या पावसात लोखंड दोन दिवसांत तांबूस होतं. म्हणून काम झालं की चीक पुसते, रोगट झाड कापलं असेल तर स्पिरिटनं पाती पुसते आणि शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब नटापाशी सोडते. धार फक्त उताराच्या बाजूनं लावते.

मामंजी गेले. त्यांनी निवडून दिलेल्या कात्रीची स्प्रिंग यंदा तुटली. नट फिरवला, नवी बसवली आणि त्याच संध्याकाळी ११ गुलाब छाटले.