मारुतीच्या कमरेला पाणी

पावसाळ्यात अस्सल नाशिककर पुराची चौकशी क्युसेकमध्ये करत नाही. तो विचारतो, "मारुतीला कुठवर लागलंय?" रामकुंडाच्या खालच्या अंगाला गोदापात्रात दुतोंड्या मारुतीची मोठी मूर्ती उभी आहे, आणि सगळं शहर तिच्यावरून पाणी मोजतं. गुडघ्याला लागलं तर नेहमीचंच. कमरेला लागलं की काठावरच्या दुकानांतला माल वरच्या फळ्यांवर चढू लागतो. छातीच्या वर गेलं की सराफ बाजार रात्र जागून काढतो. दुसरं माप सरकारवाड्याच्या पायऱ्यांचं, आणि तिसरं नारोशंकराच्या देवळावरच्या घंटेचं. वसईच्या मोहिमेनंतर आलेली ही पोर्तुगीज घंटा. तिला पाणी लागलं म्हणजे महापूर.

लहानपणी शाळेतून येताना आजी हटकून सांगायची, "गंगेवर डोकावून ये रे, मारुती दिसतोय का ते बघ." नाशिकच्या बोलण्यात गोदावरी नाही, गंगा. मी धावत जायचो. घाटाच्या वरच्या पायरीवर आधीच पन्नास माणसं उभी असायची. गढूळ पाणी एक एक पायरी गिळत वर येताना बघायचो आणि घरी जाऊन पायऱ्यांचा हिशेब द्यायचो. पूर म्हणजे काय ते मला पुस्तकाच्या आधी त्या काळ्या दगडाच्या पायऱ्यांनी शिकवलं.

आज "रिव्हरफ्रंट" हा शब्द प्रत्येक महापालिकेच्या तोंडी आहे. नदीकाठ कसा घडवावा, त्याने संस्कृती कशी टिकेल, लोक एकत्र कसे येतील, यावर सादरीकरणं होतात. या सगळ्या प्रश्नांना आपल्याकडे एक जुनं, बांधून ठेवलेलं उत्तर आहे. ते म्हणजे घाट. आणि ते उत्तर आपण नीट वाचलेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

घाटाचं काम कसं चालतं ते बघा. उभी भिंत घातली की वाढलेल्या पाण्याला बाजूला सरकायला जागा उरत नाही. ते उंच होतं, वेग घेतं आणि भिंत संपेल तिथे झोडपतं. पायऱ्यांवर तसं होत नाही. पाणी जसजसं चढतं तसतसं प्रत्येक पायरीसरशी पात्र थोडं रुंद होतं. उन्हाळ्यात पाणी पार तळाला गेलं तरी माणूस उतरून त्याला हात लावू शकतो, आणि श्रावणात ते दहा पायऱ्या वर आलं तरी अकराव्या पायरीवर बसून अर्घ्य देता येतं. नदीच्या प्रत्येक पातळीला माणसासाठी एक जागा राखून ठेवलेली असते. जुन्या घाटावर कायमचे कठडे क्वचितच दिसतात, त्यामागेही विचार असावा. पुरात वाहून आलेले ओंडके आणि पाणवेली कठड्यांना अडकतात आणि त्यांचाच बांध होतो.

पलीकडे जायला सांडवे होते. सांडवा म्हणजे पात्रातून बांधलेली ठेंगणी दगडी वाट. आठ महिने लोकांनी तिच्यावरून जायचं, चार महिने पाण्याने. भांडण नाही.

घाटाचं खरं वैभव मला या वाटणीतच दिसतं. पाणी उतरलं की तीच जागा शहराची ओसरी होते. बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो. खेड्यापाड्यांतून आलेली मंडळी जमिनीवरच गोणपाट अंथरून भाजी, मसाले, विळे-कोयते मांडतात. गाळा नाही, शटर नाही. संध्याकाळी सगळं उचललं की पटांगण पुन्हा मोकळं. मे महिन्यात त्याच काठावरच्या यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. शंभर वर्षांहून जुनी ही व्याख्यानमाला आजही महिनाभर उघड्यावर चालते. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी निवत असतो, वारा नदीकडून येतो, भेळ खात उभा असलेला कॉलेजचा मुलगा आणि काठी टेकत आलेले आजोबा एकच व्याख्यान ऐकतात. तिकीट नाही, दार नाही. हे पटांगण ज्यांच्या नावाचं, ते देवमामलेदार यशवंतराव महाराज सटाण्याचे मामलेदार होते. दुष्काळात त्यांनी सरकारी तिजोरी भुकेल्यांसाठी उघडली. त्यांच्या नावाच्या जागेला दार नसावं, हे मला फार योग्य वाटतं.

मग बिघडलं कुठे? तळाशी.

रामकुंड १६९६ साली चित्रराव खटारकर यांनी बांधलं आणि पुढे माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती केली, अशी नोंद आहे. त्याच्या आसपास लक्ष्मणकुंड, धनुषकुंड, सीताकुंड, अहिल्याबाईंचं कुंड, शारंगपाणी कुंड अशी कुंडांची माळच होती. हे नुसते हौद नव्हते. त्यांच्या तळाशी झरे होते. वरून प्रवाह आटला तरी खालून पाणी पाझरायचं. सिंहस्थ कुंभमेळ्याला येणाऱ्या गर्दीची सोय म्हणून पात्रात आणि कुंडांत काँक्रीट ओतलं गेलं. तळ सपाट झाला, पाय घसरेनासे झाले, झाडून काढणं सोपं झालं. आणि झऱ्यांची तोंडं बुजली.

त्याची किंमत २०१६ साली कळली. आदल्याच वर्षी, २०१५ मध्ये, लाखो लोकांनी जिथे पर्वणीचं स्नान केलं होतं, ते रामकुंड गुढीपाडव्याच्या सुमारास कोरडं पडलं. टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. दुष्काळ होता हे खरं. गंगापूर धरणातलं पाणी जपून वापरायचं होतं, हेही खरं. पण याआधीही दुष्काळ पडले होते. त्या उन्हात कुंडाच्या तळाची करडी काँक्रीटची फरशी ज्यांनी पाहिली, त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही. गोदाप्रेमी नागरिक त्याआधीपासूनच उच्च न्यायालयात गेलेले होते. पुढे काही कुंडांमधलं काँक्रीट काढण्याचं काम सुरू झालं. त्याच काळात सुशोभीकरणासाठी जुन्या दगडी पायऱ्यांना हात लागला तेव्हाही लोकांनी आवाज उठवला. या लोकांना विकासविरोधी म्हणणं हा अन्याय आहे. नदीशी वर्षभर ज्यांचा संबंध आहे, अशी हीच माणसं.

वरच्या बाजूलाही चूक झालीच. जुन्या गावातून वाहणारी सरस्वती आता रस्त्याखालून जाणारा नाला झाली आहे. मोठा पाऊस झाला की दहीपूल आणि सराफ बाजारात गुडघाभर पाणी साचतं, त्यात तिचाही वाटा असतो. १९६९ चा महापूर जुनी माणसं सांगत. १९ सप्टेंबर २००८ चा आम्ही पाहिला. त्यानंतर पूररेषा आखल्या गेल्या. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. कागदावरच्या या रेषांच्या आत बांधकामाला परवानगी मिळवण्याची धडपड मात्र थांबलेली नाही. घाट बांधणाऱ्यांकडे रेषा नव्हत्या. त्यांनी ती जागा मोकळीच ठेवली होती.

आता इतर शहरांकडे पाहू. अहमदाबादेत साबरमतीच्या दोन्ही काठांना भिंती बांधून, पात्राला एकसारखी रुंदी देऊन फिरण्याची जागा तयार केली आहे. संध्याकाळी तिथे कुटुंबंच्या कुटुंबं येतात, त्यांचा आनंद खोटा नाही. पण तिथे दिसणारं पाणी नर्मदेच्या कालव्याचं आहे, आणि काठावरच्या झोपड्यांतली हजारो कुटुंबं त्यासाठी उठवली गेली. पुण्यात मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या ४४ किलोमीटर काठाचा असाच प्रकल्प हाती घेतला आहे. झाडं आणि पूरक्षेत्र यांवरून तिथे पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. एका शहराचा आराखडा दुसऱ्या शहरावर उतरवता येत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेली आपली नदी चार महिने फुगते आणि आठ महिने रोडावते. तिला भिंतीत बसवलं तर ती दोन्ही ऋतूंत चुकीची दिसेल.

नाशिकसमोर आता २०२७ चा सिंहस्थ आहे. गुरू सिंह राशीत असताना पर्वण्या येतात त्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, ऐन पुराच्या दिवसांत. लाखोंची गर्दी आणि वर्षातलं सर्वांत मोठं पाणी एकाच काठावर एकाच वेळी येणार. २७ ऑगस्ट २००३ रोजी रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक गेले. तेव्हापासून हे कळलं आहे की घाटाची रचना पाण्याशी संपत नाही, ती वरच्या गल्लीपासून सुरू होते. २०१५ ला टाकळी, दसक, नांदूर या भागांत नवे घाट बांधून गर्दी वाटली गेली, तो निर्णय शहाणपणाचा होता. त्याच वाटेने पुढे जावं. नवे घाट खाली बांधा, जुन्यांवर बोजा कमी करा. पण साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक का चिडले, हेही समजून घ्या. सावली हीसुद्धा घाटाचाच भाग आहे.

नाशिकमध्ये राहत असाल किंवा नाशिकला जाणार असाल, तर एका सकाळी गंगेवर जरूर जा. कुंडाच्या तळाकडे बघा, पायऱ्यांच्या सांध्यांकडे बघा. सिंहस्थाच्या कामांचे आराखडे हरकतींसाठी खुले होतील तेव्हा दोन ओळी लिहा. तळाला काँक्रीट नको, सरस्वतीत सांडपाणी नको, निळ्या रेषेत इमारत नको. आणि मारुतीच्या आजूबाजूला असं काहीही उभं करू नका, ज्यामुळे पुढच्या पावसात तो पुलावरून दिसणार नाही.