तरते वाहन : एक

दिवाळीचे वहीपूजन झाले, ज्ञानपंचमीच्या मुहूर्तावर दुकानाचे शटर पुन्हा वर गेले, की मराठवाड्यातील व्यापारी घरांत पूर्वी एकच गडबड असे : सुटीची नातवंडे यायची आहेत. लातूरला यायचे तर कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागे आणि तेथून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून ती इवलीशी गाडी डुलत डुलत निघे. १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली ही नॅरोगेज रुंद व्हायला २००७-०८ साल उजाडावे लागले. कोळशाचे कण डोळ्यांत गेलेली पोरे स्टेशनवर उतरत आणि गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी आपला कोणता, यावरून भांडत भांडत आजोबांच्या आडतीवर पोहोचत.

आता रूळ रुंद झाले आणि प्रवासाची दिशा उलटली. नातवंडांच्या शाळा, शिकवण्या आणि स्पर्धापरीक्षांची वेळापत्रके अशी की सुटीतही त्यांना गावाकडे चार दिवस मिळत नाहीत. तेव्हा आजी-आजोबांनीच बॅगा भरून पुणे, ठाणे, बेंगळुरू गाठावयाचे, असा नवा रिवाज घराघरांत रुळला आहे. त्यातच अलीकडे एका गोष्टीची भर पडली आहे. मुले म्हणतात, "आलाच आहात तर चला, जहाजातून फिरून येऊ."

अशाच एका कुटुंबाची ही हकीकत. दादाजी-दादीजी नांदेडचे, वजिराबादेत कापडाचे जुने दुकान. नानाजी-नानीजी लातूरचे, तुरीची आणि सोयाबीनची आडत. नांदेडचा मुलगा आणि लातूरची मुलगी ठाण्यात संसार थाटून आहेत आणि त्यांना अकरा वर्षांची एक कन्या आहे. डिसेंबरच्या सुटीत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना एकत्र बोलावून तीन रात्रींची सागरी सफर घडवावी, असा बेत जावईबापूंनी मांडला. दिवाळीची सुटी त्यासाठी कोणीच सुचविली नाही. कार्तिक पौर्णिमेपर्यंत चातुर्मास. साधू-साध्वीजींचा विहार थांबलेला असताना आपणही दूरचा प्रवास टाळावा, असा दादाजींचा अनेक वर्षांचा नियम आहे. शिवाय दिवाळीत दुकान सोडून समुद्रावर जाणारा व्यापारी अद्याप मराठवाड्यात जन्मास यावयाचा आहे.

दादाजींनी बेत ऐकून घेतला आणि दोन दिवस काही उत्तर दिले नाही. अडचण पैशांची नव्हती, गुडघ्यांचीही नव्हती. ते रोज सकाळी चौदा नियम धारण करतात : आज किती द्रव्ये घ्यायची, किती विगय, किती वस्त्रे, कोणत्या दिशेला किती दूर जायचे. त्यात 'वाहन' हा एक नियम आहे आणि त्याचे प्रकार परंपरेने ठरलेले आहेत : फिरते, म्हणजे चाकांचे, चरते, म्हणजे घोडा-बैलांचे, तरते, म्हणजे नाव-जहाज, आणि अलीकडे उडते. पन्नास वर्षे या यादीत 'तरते' या शब्दापुढे दादाजींच्या मनाने शून्य मांडले होते. गोदावरीच्या पुलावरून रोज जाणाऱ्या माणसाला नावेत बसण्याचे कारणच काय? त्या शून्याच्या जागी एक मांडावयाचा, याचाच विचार त्यांनी दोन दिवस केला.

खरे तर जैन श्रावकाला समुद्र परका नाही. उपासकदशांग सूत्रातील आनंद श्रावकाने परिग्रहाची मर्यादा बांधली तेव्हा गाड्यांबरोबर जहाजांचीही संख्या ठरविली होती. म्हणजे मर्यादा घालण्याइतकी जहाजे त्याच्यापाशी होती. आयंबिलच्या ओळीत आपण दरवर्षी श्रीपाल राजाची कथा ऐकतो. त्यातला धवल शेठ तर जहाजांच्या तांड्याचाच मालक. पुढे मध्यंतरीच्या काळात समुद्रपर्यटनाविषयी समाजाचे मन आखडले. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना आले. साधूंच्या आचारानुसार त्यांना समुद्र ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले आणि परतल्यावर त्यांना त्याच प्रवासाबद्दल स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

आणि आपल्या अगदी शेजारच्या सोलापूरचे उदाहरण तर प्रत्येक व्यापारी घरात मुलांना सांगितले पाहिजे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी प्रभृतींसह १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडून घेतलेले 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस आज देशभर राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या काळी या किनाऱ्यावरील वाहतुकीवर इंग्रज कंपन्यांची अशी पकड होती की देशी कंपनीने भाडे ठरविले की ते त्याहून खाली उतरवीत. तरीही वालचंदशेठ मागे हटले नाहीत. विशाखापट्टणमला त्यांनी काढलेल्या कारखान्यातून 'जल उषा' हे जहाज १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पाण्यासाठी तरसणाऱ्या मुलखातला हा माणूस! दादाजींना मुलाच्या आग्रहापेक्षा ही आठवण अधिक पटली असावी. तिसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळविला.

लातूरची अडचण निराळी होती आणि ती अधिक खोल होती.

लेकीच्या घरचे पाणीही घ्यावयाचे नाही, हा जुना दंडक नानाजी अजून पाळतात. लग्नाला चौदा वर्षे झाली, नात अकरा वर्षांची झाली, परंतु ठाण्याच्या त्या घरात नानाजींनी एक रात्र काढलेली नाही. कामासाठी मुंबईला आले तर उतरावयाचे पुतण्याकडे, लेकीकडे तासभर बसावयाचे, नातीच्या हाती पाकीट ठेवावयाचे आणि उठावयाचे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया मुंबईतच झाली. तेव्हाही इस्पितळातून सुटका होताच ते पुतण्याकडे गेले. लेक त्या दिवशी पुष्कळ रडली. या दंडकाला हट्ट म्हणून हसणे सोपे आहे. परंतु मुलीच्या सासरी आपले ओझे होऊ नये, तिला कोणी एका शब्दाने बोलू नये, या काळजीतूनच तो जन्मला, हेही विसरता येत नाही. काळजीचे कारण उरले नाही तरी काळजी उरते, एवढेच.

जहाजाचा बेत लेकीला म्हणूनच मोलाचा वाटला. जहाज ना मुलाचे घर, ना मुलीचे. तेथे व्याही-व्याही एका पंगतीला बसू शकतात. नानाजींनी एकच अट घातली : "आमच्या दोघांचे भाडे आमचे." जावईबापू नको नको म्हणत राहिले, नानाजींनी धनादेश लिहून लिफाफ्यात घातला आणि लिफाफा कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. मगच नानीजींनी बॅग काढली.

प्रवासाविषयी थोडे. नांदेडहून मुंबईला आता पहाटे निघून दुपारी पोहोचविणारी वंदे भारत आहे, रात्रीची देवगिरी तर आहेच. लातूरकरांची मदार रात्रीच्या मुंबई गाडीवर. ती आठवड्यातील काही दिवस बिदरपर्यंत जाते आणि बर्थ मिळण्यावरून लातूरकर आजही कुरकुर करतात. ज्येष्ठ पुरुषांना ४० टक्के आणि महिलांना ५० टक्के मिळणारी रेल्वेची सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. सरकारी नोकरदाराला प्रवासभत्ता तरी असतो. व्यापाऱ्याचा प्रवासभत्ता त्याच्याच गल्ल्यातून निघतो. जहाजाच्या भाड्याचेही तसेच. जाहिरातीतला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. बंदरशुल्क, कर, सेवाशुल्क हे खाली बारीक अक्षरांत. ते सारे बेरजेत धरूनच दोन कंपन्यांची तुलना करावी. विमा काढताना जुना आजार लपवू नये. हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने तर मुळीच नाही. लपविलेल्या आजारामुळे दावा फेटाळला गेला की हप्त्याचे पैसे आणि उपचाराचे पैसे, दोन्ही जातात. औषधे मोठ्या बॅगेत न देता हातातल्या पिशवीत ठेवावीत, कारण बंदरावर दिलेली बॅग खोलीपर्यंत पोहोचायला कित्येक तास लागू शकतात.

सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीने 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून सुरू केल्यापासून गोवा-लक्षद्वीपच्या अशा सफरी आपल्या लोकांच्या आवाक्यात आल्या. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधले गेले. लांबी दोनशे मीटरहून अधिक, मजले अकरा. गुजराती-मारवाडी प्रवाशांची संख्या पाहून जैन भोजनाची सोय तेथे आवर्जून ठेवतात. मात्र जमीनकंद वर्ज्य, चौविहार, उकळलेले पाणी या तीन गोष्टी आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवाव्यात. घरचे पदार्थ किती आणि कोणते नेऊ देतात, तेही आधीच विचारावे. दादीजींनी विचारून घेतले आणि मगच खाकऱ्याची सीलबंद पाकिटे बॅगेत टाकली. स्वयंपाकघर एकच असताना भांडी वेगळी असतात का, ही शंका त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. त्यांनी तीन दिवस बहुतेक फळे, दूध आणि खाकरेच घेतले आणि त्याबद्दल कोणालाही टोकले नाही.

सूर्यास्ताचे गणित मात्र दादाजींनी स्वतः केले. नांदेडपेक्षा मुंबईचा सूर्यास्त सुमारे १८ मिनिटांनी उशिरा, लातूरपेक्षा सुमारे १५ मिनिटांनी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास दिवस मावळतो. घरी पावणेसहाला पाण्याचा शेवटचा घोट घेणाऱ्या माणसाला येथे पाव तासाची सवड आयतीच मिळाली. समुद्रावर तर झाडे नाहीत, इमारती नाहीत; सूर्य पाण्याला टेकलेला डोळ्यांनी दिसतो, पंचांग उघडावे लागत नाही.

बॅलार्ड पियरला ओळखपत्रे, तपासणी, रांगा असे सोपस्कार झाले. जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना सुरक्षेची कवायत करावी लागते; प्राणरक्षक जाकीट कसे बांधायचे, कोठे जमायचे, ते शिकवितात. नात हसत होती. नानाजी मात्र नीट लक्ष देऊन ऐकत होते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट ज्याने लातुरात अनुभवली, त्याला अशा सूचनांचे हसू येत नाही.

खोलीत गेल्यावर नानीजींनी न्हाणीघरातला नळ सोडला, पाहिले आणि लगेच बंद केला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' गाडी लातूरला आली, तेव्हा पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी पोहोचले होते. पुढे पन्नास वाघिणी येऊ लागल्या. त्या उन्हाळ्यात नानीजींच्या घरी आंघोळीचे पाणी झाडांना आणि भांड्यांचे पाणी फरशीला जात असे. येथे चोहीकडे अथांग पाणी आणि त्यातला एक थेंबही तसाच पिण्याजोगा नाही. समुद्राचे पाणी तापवून त्याची वाफ थंड करून किंवा दाबाने सूक्ष्म पडद्यातून गाळून जहाजावर गोडे पाणी तयार करतात, असे नातीने वाचून सांगितले. "म्हणजे हेही विकतचेच," नानीजी म्हणाल्या आणि तिन्ही दिवस त्यांनी बादलीनेच आंघोळ करता येईल का, याची चौकशी केली. बादली मिळाली नाही.

जहाजावर मद्य आहे, जुगाराचे टेबल आहे. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सप्तव्यसनांचा त्याग केलेल्या घरांनी तेथे जावे की न जावे, हा प्रश्न रास्त आहे. दादाजी त्या मजल्याकडे फिरकले नाहीत आणि नातीला कारण विचारू दिले, दटावले नाही. सकाळी नवकारसी येईपर्यंतच्या वेळात दोघे व्याही वरच्या डेकवर शेजारी बसत. सामायिकाची ४८ मिनिटे झाली की तुरीच्या भावावर गोष्टी निघत. चौदा वर्षांत जे बोलणे लग्नकार्याच्या मांडवापुरते असे, ते तेथे प्रथमच मोकळे झाले.

दुसऱ्या संध्याकाळी, साडेपाचच्या जेवणाला, नानाजी लेकीच्या हातची वाढलेली खिचडी खात असताना नातीने विचारले, "नानाजी, येथे तुम्ही आमच्याबरोबर जेवता, मग घरी का नाही?"

"येथले पैसे मी दिले आहेत, बेटा."

"मग घरी पण द्या ना."

टेबलावर कोणी काही बोलले नाही. दादीजींनी विहीणबाईंच्या ताटात खाकऱ्याचा तुकडा ठेवला.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज मुंबईला लागले. लातूरची गाडी रात्रीची. मधला सारा दिवस पुतण्याकडे काढावयाचा, असे ठरलेले होते. पण गाडी ठाण्याकडे वळली तेव्हा नानाजींनी चालकाला काही सांगितले नाही. दुपारभर ते नातीच्या खोलीत झोपले. संध्याकाळी पावणेसहाच्या आत फुलके, मुगाची डाळ आणि कढी असे साधे जेवण झाले. उठण्यापूर्वी त्यांनी आतल्या खिशातला लिफाफा काढला, धनादेश फाडला आणि दुसरा लिहिला : दोघांचे भाडे, अधिक ५०१ रुपये.

जावईबापूंनी तो अद्याप बँकेत भरलेला नाही. धनादेशाची मुदत तारखेपासून तीन महिने असते. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नानाजींनी पासबुक भरून आणले, रक्कम वजा झालेली दिसली नाही, तेव्हा ठाण्याला दूरध्वनी करून त्यांनी मुदत संपत आल्याची आठवण दिली आणि त्याच टपालाने नवा धनादेश रवाना केला. यावेळी त्यात आकडा ५०१ रुपयांनी वाढलेला होता. मेच्या सुटीत पुन्हा यावयाचे आहे, असे सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते.